दीड मैलावरचा तंबू

माझी नोकरी म्हैसूर संस्थानच्या रिसाल्यात झाली. हुद्दा दफेदार. महायुद्धात आमचा रिसाला इजिप्तला होता. तिथून मला चार दिवसांच्या कामासाठी वाळवंटापलीकडच्या सरहद्दीच्या शहरात पाठवलं. रेल्वेने तीस नवे घोडे येणार होते. ते तपासून, नाल ठोकून छावणीत आणायचे. सोबत नालबंद रामोजी माने. तो आपल्या म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातला. घरी मराठीच बोलायचा, पण रागावला की कन्नड.

उजाड असलं तरी शहर मला आवडलं, हे आधी सांगतो. तलकाडला वाळूत गाडलेली देवळं तुम्ही पाहिली असतील. तिथे पलीकडे निदान कावेरी आहे. इथे मातीची बसकी घरं, थोडी खजुरीची झाडं, मचूळ विहिरी आणि बाकी सगळी वाळू. आम्हाला पाहून लोक दारं लावून घेत. त्यांचं चुकत नव्हतं. एक फौज गेली होती आणि दुसरी आली होती. स्टेशनजवळचा म्हातारा कॉफीवाला मात्र आमच्यासाठी चटई टाकायचा. पहिल्याच दिवशी रामोजीने त्याच्या गाढवाच्या खुरातला खडा काढून दिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला शत्रूचं विमान आलं. घोडे ओळीने दोराला बांधलेले होते. पहिला बाँब दूर पडला. मी रामोजीला आडवं पडायला सांगितलं. तो दोर कापत सुटला. बावीस घोडे मोकळे झाले, तेव्हा दुसरा बाँब पडला आणि लोखंडाचा तुकडा त्याच्या मांडीत घुसला.

मी पटका सोडून जखम आवळली. दोनशे पावलांवर फौजी दवाखान्याचा तंबू होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही त्याच्या दारात होतो. आत चार खाटा रिकाम्या. मी स्वतः मोजल्या. डॉक्टर कॅप्टन बाहेर आला.

"हा गोऱ्या सोल्जरांचा दवाखाना आहे. तुमचा शहराच्या पलीकडे, दीड मैलावर."

"साहेब, रक्त थांबत नाही. फक्त टाके घाला."

"ऑर्डर म्हणजे ऑर्डर, दफेदार."

तो आत गेला. स्ट्रेचरही मिळालं नाही. कॉफीवाल्याने दुकानाचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं, रामोजीला त्यावर घेतलं आणि एक टोक स्वतः धरलं. घोट्यापर्यंत वाळू. वाटेत रामोजी पाणी मागू लागला. "स्वल्प नीरु कोडी," एवढंच दोनदा म्हणाला. मी कुपी तोंडाला लावली. बारा वाजता तो गेला. आमचा तंबू तिथून दिसत होता.

छावणीत परतल्यावर आमच्या इंग्रज मेजरने रिपोर्ट समोर ठेवला. त्यात लिहिलं होतं, 'विनाविलंब उपचार केले, पण उपयोग झाला नाही.' साक्षीदार म्हणून खाली माझी सही हवी होती.

"हे खोटं आहे, साहेब," मी म्हणालो.

सही केली नाही. जमादारीच्या बढतीसाठी माझं नाव वर गेलेलं होतं, ते परत आलं. त्याचं मला काही वाटलं नाही. संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या सहीवाचून रिपोर्ट पुढे गेला आणि त्याचंच पत्र म्हैसूरला रामोजीच्या घरी पोचलं.

युद्ध संपल्यावर मी त्याच्या बायकोला, सुंदराबाईंना भेटायला गेलो. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "भाऊजी, डॉक्टरांनी खूप खटपट केली ना?"

मी हो म्हणालो. मेजरसमोर जे केलं नाही, ते त्या माउलीसमोर केलं. ते अजून मला टोचतं.

सुंदराबाई गेल्या वर्षी वारल्या. आता गप्प बसायचं कारण उरलं नाही. आपल्या शहरात युद्धावर भाषणं होतात, त्यांत साहेबांच्या न्यायबुद्धीचं कौतुक होतं आणि आपलेच लोक टाळ्या वाजवतात. रामोजीचं नाव तिथे कुणी घेत नाही. नालबंदाला लढवय्यांत धरत नाहीत. म्हणून मी घेतो. रामोजी माने, वय एकतीस. बावीस घोडे त्याने वाचवले. त्याला दोनशे पावलांवर वाचवता आलं असतं.