बारावं उद्देशपत्र

परदेशीबाई गेली सहा वर्षं परदेशी निघाल्या होत्या. हे नाव तिला थोरल्या भावाने ठेवलं होतं, आणि ते नाकारायला तिला तोंड नव्हतं. परकीय भाषेत पदवी मिळाली त्याच आठवड्यात तिने घरात जाहीर केलं होतं, की मास्टर्स करीन तर ती भाषा जिथे बोलतात तिथेच जाऊन. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आता तिने तिशी गाठली होती, नवी घेतलेली बॅग माळ्यावर होती आणि तिच्या पोटात आईने जुन्या रजया कोंबल्या होत्या.

तयारीच्या बाबतीत मात्र तिचा हात कुणी धरला नसता. सव्वीस विद्यापीठांचा तक्ता तिच्या संगणकात होता, वसतिगृहापासून भाजीच्या दुकानापर्यंतच्या अंतरासकट. तिथल्या बसचं वेळापत्रक तिला पाठ होतं, आपल्या गल्लीतली बस कधी सुटते हे ती रोज आईला विचारायची. भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालायचं. ती दोनदा उत्तम गुणांनी पास झाली आणि दोन्ही प्रमाणपत्रं घरातल्या घरात शिळी करून तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. पोटापाण्यासाठी ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आयात करणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका भाषांतरित करायची. 'रुग्ण बसलेला असताना खुर्चीचं बटण दुसऱ्याच्या हाती देऊ नये' हे वाक्य तिने आजवर चौदा वेळा लिहिलं असेल.

घोडं पेंड खायचं ते उद्देशपत्रापाशी. आपल्याला हाच अभ्यास का करायचाय, हे विद्यापीठाला पटवून देणारं ते दोन पानी पत्र. गंमत म्हणजे दुसऱ्यांची उद्देशपत्रं ती एका संध्याकाळीत हातावेगळी करायची. पहिलं आत्येभावाचं. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या मुलीचं, मग समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या जुळ्यांचं. पोराला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचं आणि विचारायचं, "खरं सांग, का जायचंय?" ते जे बरळेल त्याला ती आकार द्यायची. म्हणायला ती फक्त चुका काढत असे, पण अखेरीस त्या पत्रात त्या पोराची म्हणून सहीच काय ती उरायची. अशी चार वर्षांत अकरा जणं गेली, त्यातली सात, आत्येभावासकट, एकाच विद्यापीठात. तिचं स्वतःचं पत्र तेवढं भिजत पडलं होतं. ते बेचाळीस वेळा लिहून झालं होतं आणि अजून तिच्या बालपणातच अडकलं होतं.

पण यंदा पळवाट नव्हती. पदवीला सात वर्षं उलटलेल्यांना तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला घेत नसत, म्हणजे पुढच्या वर्षी दार बंद. अर्जाच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिने त्रेचाळिसावा मसुदा डोळे मिटून पाठवला. महिन्याभराने व्हिडिओवरच्या मुलाखतीचं बोलावणं आलं.

घरी आईचं शिलाई मशीन चालू असायचं, म्हणून तिने मुलाखत कंपनीच्या प्रदर्शनाच्या खोलीत द्यायची ठरवली. तिथे बसायला एकच जागा होती, विक्रीला ठेवलेली दातांची खुर्ची. तिच्यात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती प्राध्यापिकाबाईंपुढे हजर झाली. दाढ काढून घ्यायला आल्यासारखी दिसतेय, हे तिला पडद्यावर स्वतःला बघून कळलं.

प्राध्यापिकाबाई मवाळ आवाजात बोलल्या. "तुमच्या पत्रात चूक नाही. पण हे पत्र आम्ही आधी वाचलंय. तुमच्या शहरातून आलेल्या सात जणांची पत्रं अशीच होती. तीच चाल, तोच शेवट. तुम्ही सगळे कुणाकडून लिहून घेता?"

ज्या भाषेत तिने तीनदा प्रमाणपत्र मिळवलं होतं, तिच्यातला एकही शब्द जागेवर सापडेना. सहा वर्षं खपून तिने स्वतःचीच नक्कल करताना पकडलं जायचं, हे तिला शोभेसंच होतं. गप्प बसावं तर आपण चोर ठरणार, आणि खरं सांगावं तर तिकडे सुखाने शिकणारी सात पोरं गोत्यात येणार, त्यात आत्येभाऊ सगळ्यांत आधी.

"ती पत्रं मी लिहिली," ती शेवटी म्हणाली. "शब्द माझे होते. कारणं ज्याची त्याची होती, ती मी विचारून घेतली होती. त्यांना काही करू नका, चूक माझी आहे."

बाईंनी चष्मा काढला. "आणि तुमचं कारण कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही. त्रेचाळीस मसुद्यांत तिने नको ते सगळं लिहिलं होतं.

"मला शिकायचंय," ती म्हणाली, "पण मला फार भीती वाटते. म्हणून मी दर वर्षी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानून पडदा बंद केला. ती खुर्चीतच बसून राहिली, आणि विक्री विभागातला माणूस गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा उठली.

तीन आठवडे तिने घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मग पत्र आलं. पोरांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. प्रवेश दिला होता, दहा दिवसांत होकार कळवायचा होता. तिने ते आईला मराठीत वाचून दाखवलं. सहा वर्षं हीच आई नातेवाइकांना ठणकावून सांगत आली होती, की आमची जाणार म्हणजे जाणार, बघाल तुम्ही.

आईने मशीन थांबवलं. कापडातली टाचणी काढली, परत त्याच जागी टोचली.

"नाही गेलीस तर नाही का चालणार?" तिने विचारलं.

अकरा जणांच्या कारणांना शब्द पुरवणाऱ्या तिच्याजवळ आईला द्यायला एकही कारण नव्हतं. भीती आपल्या एकटीला वाटतेय, असं ती इतकी वर्षं समजत होती.

"नाही चालणार, आई," ती म्हणाली, आणि आईच्या शेजारी बसूनच तिने होकार कळवला.