खुर्ची टेकली नाही अजून

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या त्या फक्त कागदोपत्री. जिन्यात कोणी आडवं आलं की त्या अजूनही "पुढे सरका, दार अडवू नका" म्हणतात आणि माणसं मुकाट्याने सरकतात. पहिल्या मजल्यावरचा दंतवैद्य एकदा असा सरकत सरकत स्वतःच्या घरावरून थेट गच्चीत पोचला होता.

त्यांचा नवरा त्यांच्याच बसचा ड्रायव्हर. दोनदा बेल दिली की निघायचं, एकदा दिली की थांबायचं, हे नोकरीत होतं तसंच संसारातही. निवृत्तीनंतर बेलची दोरी गेली, पण बाई बोटातली अंगठी लोखंडी कठड्यावर टणटण वाजवायच्या आणि नवरा बाजाराला निघायचा. मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभर तो खिडकीत. फक्त उन्हाळ्यातल्या संध्याकाळी चौघेजण त्याला खुर्चीसकट उचलून अंगणात आणतात.

या संध्याकाळी बाईंनीच सुरू केलेल्या. प्रत्येक घरातून एक खुर्ची खाली आणायची, बाकी अट नाही. मग पत्ते, कॅरम, बेसूर गाणी आणि शेवटी संगीत खुर्ची. त्यात ड्रायव्हरकाका बसूनच भाग घेतात आणि त्यांची खुर्ची कधीच काढायची नाही असा नियम आहे. त्यामुळे दरवर्षी तेच जिंकतात. बेकरीवाला दरवर्षी त्यांच्याशी हरतो आणि दरवर्षी चौकशीची मागणी करतो.

यंदा मात्र अंगणात फरशी आली. सायीच्या रंगाची, गुळगुळीत, सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतः निवडलेली. सेक्रेटरी मनाने वाईट नव्हता, फरशीच्या प्रेमात पडला होता इतकंच. रोज सकाळी तो ती ओल्या फडक्याने पुसायचा. "घरातलं टेबल पुसायला सांगितलं की याची कंबर धरते," असं त्याची आईच सगळ्यांना सांगायची. उन्हाळा लागला आणि दिव्याच्या खांबावर पाटी झळकली : 'अंगणात खुर्ची टेकवू नये. फरशीवर ओरखडे पडतात.'

बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"खुर्च्यांच्या पायांना मोजे शिवते. जुने टॉवेल आहेत माझ्याकडे."

"आज मोजे म्हणाल बाई, उद्या मोजे फाटतील. आणि जमायला मी नको म्हटलंय का? सगळ्यांनी खाली बसा, चटया टाका. मजा येईल."

"आमचे हे खाली बसू शकत नाहीत."

ही गोष्ट सेक्रेटरीच्या ध्यानातच आली नव्हती. पण पाटी रंगवून झाली होती आणि रंगवलेली पाटी मागे घेणं सेक्रेटऱ्यांना जड जातं. "काकांना यंदा वरूनच बघू दे," तो म्हणाला. "खिडकीतून छान दिसतं सगळं."

तिकीट न काढता बसलेल्या उतारूकडे बघतात तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या जिना चढून गेल्या. घरी नवरा डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत बसला होता. खाली जायचं म्हणून त्याने दुपारपासून तयारी सुरू केली होती. शेवटचं बटण बाईंनी लावलं.

संध्याकाळी अंगणात चटया पसरल्या होत्या. सेक्रेटरी कौतुकाने बघत होता. इतक्यात जिन्यातून टणटण आवाज आला आणि ड्रायव्हरकाका अवतरले. खुर्चीत बसलेले, केस विंचरलेले. खुर्चीचे चार पाय चौघांच्या हातात : दंतवैद्य, बेकरीवाला, रंगारी आणि शाळेत कवायत घेणाऱ्या बाई. चौघे अंगणाच्या मधोमध आले आणि थांबले. खुर्ची मात्र खाली ठेवली नाही.

"हे काय?" सेक्रेटरीने विचारलं.

"टेकवू नये लिहिलंय," कंडक्टरबाई म्हणाल्या. "टेकलीय का कुठे? वाकून बघा."

सेक्रेटरीने खरोखर वाकून बघितलं. टेकली नव्हती.

आणि मग कार्यक्रम सुरू झाला. काका अधांतरी बसून पत्ते खेळू लागले, त्यांचं पान खाली टाकायचं काम कवायतबाईंनी मोकळ्या हाताने केलं. कोणाचा खांदा भरून आला की बाई ओरडत, "बदली," आणि चटईवरचा कोणी उठून पाय धरी. बेकरीवाल्याने तर धापा टाकत एक गाणंही म्हटलं.

"किती वेळ धरणार आहात?" सेक्रेटरी म्हणाला.

"उन्हाळाभर," बाई म्हणाल्या. "माणसं भरपूर आहेत."

दंतवैद्याची पकड सुटू लागली. "बदली," बाईंनी पुकारलं आणि सरळ सेक्रेटरीकडे पाहिलं. सगळं अंगण त्याच्याकडे पाहू लागलं. त्याच्या आईने चटईवरून कोपराने त्याला ढोसलं. "जा की. फरशी घासायला तर चांगलं बळ येतं अंगात."

सेक्रेटरीने पाय धरला. काका अंगाने भरलेले. थोड्याच वेळात त्याच्या कपाळावरून घाम निथळून त्याच्याच फरशीवर पडू लागला.

"ठेवूया आता खाली," तो पुटपुटला.

"टेकवू नये."

"मी सांगतोय ना, ठेवा."

"तुम्ही तोंडी सांगताय. पाटी लेखी सांगते."

त्याने आशेने वर काकांकडे पाहिलं. काकांनी हातातले पत्ते सावकाश मिटले. "स्टॉप," ते म्हणाले, दम घेतला, आणि वाक्य पुरं केलं, "आला नाही."

सेक्रेटरीच्या मनगटाला कळ लागली. "आई," तो म्हणाला, "ती पाटी काढ."

"कोणती रे?"

"खांबावरची."

"चष्मा कुठे ठेवला मी," म्हणत म्हातारीने चटई चाचपली, पदर झटकला, गुडघ्यांना नावं ठेवत ती उठली, खांबापर्यंत निवांत चालत गेली आणि तिने पाटी काढून बगलेत धरली. तिचा चष्मा सबंध वेळ नाकावरच होता.

कंडक्टरबाईंनी खांबावर अंगठी वाजवली. एकदाच.

खुर्ची खाली आली. कर्र झालं. सायीच्या रंगावर बोटभर ओरखडा उमटला. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसून रुमालाने तो पुसू लागला. तोवर लोक आपापल्या खुर्च्या आणायला जिन्याकडे पळाले होते आणि तो नेमका वाटेत होता.

"पुढे सरका," बाई म्हणाल्या. "वाट अडवू नका."

सेक्रेटरी सरकला.