चार म्हटलं की थांबायचं

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा आमची मुलगी दहा वर्षांची होती. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मिरवणुकीला लेझीम असायचं, पण ते बघवत नसे. मी साताऱ्याकडचा, शाळेत लेझीम पथकाचा म्होरक्या. न राहवून मी पथक हातात घेतलं आणि सुरुवात घरापासून केली. बेहाला भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांमधून वाट काढत मुलगी खेळायची आणि मी मोजायचो. एकला पुढे, दोनला वाक, तीनला मागे, चारला पाय जुळवून थांब. चारला जो थांबत नाही त्याला लेझीम येत नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी न विचारताही सांगायचो.

पंधराव्या वर्षी तिने लेझीम खुंटीला टांगलं आणि बॉक्सिंग सुरू केलं. घराजवळच्या क्लबात मुलींना शिकवायचे. बायकोला तिच्या नाकाची काळजी वाटली. मी म्हटलं, महिन्याभरात कंटाळेल. ती कंटाळली नाही. पहिल्या वर्षी पाच लढती खेळली आणि पाचही हरली. उंची बेताची, हात आखूड. समोरच्या मुलीने नुसता हात लांब केला तरी तो हिच्या नाकापर्यंत पोचायचा. घरी येऊन ती नाकाला बर्फ लावायची, वरणभात जेवायची आणि सकाळी साडेपाचला परत पळायला जायची. नाकाबद्दल घरात बोलायचं नाही, असं आमचं न ठरवता ठरलं.

मग तिच्या सरांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. सर बंगाली, माझ्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "हाथ छोटा है, कोई बात नहीं. पाँव बहुत अच्छा है." एकला ती आत शिरायची, दोनला ठोसा, तीनला बाहेर, चारला पाय जुळवून पुन्हा तयार. उंच मुली हवेत ठोसे मारत राहायच्या. ती जिंकायला लागली. हे सगळं लेझमीचं आहे, असं मी मंडळात ज्याला त्याला ऐकवलं. काही लोक मला बघून चहाच्या टेबलाकडे सरकायला लागले.

फक्त हावड्याची एक मुलगी तिला हरवायची. एकदा नाही, तीन अंतिम सामन्यांत. अंतिम सामना असला की मी रजा टाकून जायचो आणि रिंगला लागून खुर्ची पकडायचो. बाकीच्या लढतींना मला सुट्टी मिळत नसे, आणि त्या ती जिंकायची. तिथे समोरच्या मुली कच्च्या असणार, असा मी हिशेब लावला होता.

तिसऱ्यांदा हरल्यावर सरांनी सरळ सांगितलं. एका वजनगटात क्लबची एकच मुलगी उतरते आणि मागे एक नवीन मुलगी तयार आहे. पुढच्या खेपेला जमलं नाही तर नाव त्या नव्या मुलीचं जाईल. मुलगी "हो" म्हणाली आणि हाताच्या पट्ट्या गुंडाळत बसली.

त्याच दिवशी बाहेर पडताना हावड्याची मुलगी माझ्याकडे आली. मला काकू म्हणाली. बंगालीत काकू म्हणजे काका, त्याची आता सवय झाली होती. पोरगी मनाने चांगली. हसत म्हणाली, "काकू, आप जब चार बोलते हैं ना, ये रुक जाती है. मैं तभी मारती हूँ."

मी मोजत होतो हे मला माहीतच नव्हतं. सरांना विचारलं तर म्हणाले, ओठ हलताना दिसायचे, आवाजही यायचा, मला वाटलं काही स्तोत्र म्हणताय. पहिल्या रांगेत बसून, रजा टाकून, मी माझ्या मुलीला तीनदा हरवलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

 रविवारी दुपारी जेवताना मी मुलीला सांगून टाकलं, की असं असं आहे आणि आता मी येणार नाही.

ती पोळी मोडत म्हणाली, "मला माहितीये."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वेळेपासून. तुझा आवाज आला की पाय आपोआप थांबतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रजा टाकून येतोस, बाबा."

बायको उठून आमटी आणायला गेली. आमटी टेबलावरच होती.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "तू ये. पण मोठ्याने मोज. तिला नीट ऐकू जाऊ दे."

पुढचे दोन महिने आम्ही परत गच्चीवर होतो. मी चार म्हणायचो आणि तिने थांबायचं नाही, एवढाच सराव. पहिल्या आठवड्यात ती दर वेळी थांबली. स्वतःवर चिडून एकदा तिने पाण्याच्या टाकीला ठोसा मारला. मी मोजत राहिलो. शिकवलेलं पुसायला शिकवण्याहून जास्त वेळ लागतो. शेजारच्या बाईंनी साड्या वाळत घालणं बंद केलं.

चौथ्या अंतिम सामन्याला मी पहिल्या रांगेत बसलो आणि पहिल्या घंटेपासून मोजायला लागलो. शेजारचा गृहस्थ उठून दुसरीकडे गेला. पहिल्या फेरीत ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा तोंडावर खाल्लं. माझा आवाज फुटला. गप्प व्हावंसं वाटलं, तेवढ्यात तिने कोपऱ्यातून माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मोजलं. दुसऱ्या फेरीत मी चार म्हटलं, हावड्याच्या मुलीने नेमका ठोसा टाकला आणि माझी मुलगी तिथे नव्हती. ती तिच्या कुशीत शिरली होती. परत चार, परत तेच. तिसऱ्या फेरीत समोरची माझ्या आवाजाची वाट बघत उभी राहायची आणि मार खायची.

पंचांनी माझ्या मुलीचा हात वर केला. पाच वर्षं गच्चीवर मी तिला एकच गोष्ट शिकवली होती, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तिने ती एकदाही ऐकली नाही. मी चारचौघांत ढसाढसा रडलो.