तळहातावरचा आलेख

घरात तिला सगळे घुमी म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पाहुणे आले की ही आतल्या खोलीत. कुणी विचारलं, काय करतेस गं हल्ली, तर उत्तर आईनं द्यायचं. आकड्यांशी मात्र हिचं भारी सख्य. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती आकडेवारी बघायची. आलेख हिनं काढायचे आणि बैठकीत मिरवायचे साहेबांनी, असा तिथला रिवाज होता. हिलाही तेच बरं वाटायचं, म्हणजे बघा!

पण तिचं तिथलं कंत्राट संपलं आणि नोकरी शोधायची वेळ आली. जाईल तिथे एकच प्रश्न आडवा यायचा. चार लोकांसमोर सादरीकरण केलंय का? नाही म्हटलं की विषय संपला. घर हिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, त्यामुळे प्रत्येक नकार थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचा.

त्या दिवशी मुलाखत एका मोठ्या दवाखान्यात होती. सकाळी परीक्षा म्हणून त्यांनी आपलेच आकडे हातात दिले. तातडीच्या विभागात आलेल्या पेशंटला डॉक्टर भेटेपर्यंत किती थांबावं लागतं, ते तासातासाचं. आलेख तिनं झकास काढला. दुपारी आत बोलावलं. टेबलापलीकडे दोघं होते, दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आणि कॉम्प्युटर विभागाचे साहेब. साहेबांनी कागद चाळले आणि तोच प्रश्न विचारला. नाही, घुमी म्हणाली.

"कुणासमोरच नाही?" साहेब हसले. "निदान आरशासमोर तरी?"

"वडिलांसमोर करते," ती म्हणाली. "रोज."

वडील काय करतात, असं बाईंनी विचारलं. शिंपी होते, पण काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, असं तिनं सांगितलं. साहेबांचं हसू विरलं. मग त्यांना आलेख दाखवता कसा, असं बाईंनी विचारलं, आणि घुमी कधी नव्हे ती बोलत सुटली.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय केलंस. एकदा वैतागून तिनं त्यांचा हात ओढला आणि तळहातावर नखानं रेघ काढली. पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. आधी सुरुवातीचा कोपरा कुठे ते सांग, म्हणाले, मापाशिवाय कापड कुणी कापतं का? दुसऱ्या दिवशी तिनं दोन रेघा काढल्या, तर बाबांनी हात मागे घेतला. एका हातावर दोन रस्ते काढलेस तर मी जाऊ कुठून? तेव्हापासून एका वेळी एकच रेघ, तीही सावकाश. आणि एकदा तिनं बोट उचलल्यावर बाबांनी आपल्या अंगठ्यानं तीच रेघ पुन्हा गिरवली, चढ-उतारासकट, जरासुद्धा न चुकता. तिच्या अंगावर काटा आला होता. पडद्यावर इतके आलेख काढले, पण असं बघताना तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डावा हात पुढे केला. "आमचा दाखवा."

एवढ्या मोठ्या बाईंचा हात धरायचा म्हणजे काय! पण बाईंनी डोळे मिटले होते. तिनं हात धरला. अंगठ्याकडे सकाळ, करंगळीकडे रात्र, मनगटाकडून बोटांकडे थांबण्याचा वेळ, असं सांगून तिनं नख टेकवलं. सकाळ मनगटाजवळून गेली. दुपार थोडी वर सरकली. संध्याकाळी रेघ चढायला लागली, चढतच राहिली, तळहात संपला तरी थांबेना. अनामिकेवर चढून ती थेट टोकाला पोचली, तेव्हा बाई पुढे वाकल्या.

"एवढं वर?"

"हो. मग रात्री खाली येते."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. दर महिन्याला हाच आलेख त्यांच्यासमोर पडद्यावर यायचा, पाच रंगांत, शेजारी आणखी चार. मान हलवून त्या पुढचा विषय घ्यायच्या.

"तेव्हा डॉक्टरांची पाळी बदलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती वेळ मी ठरवलीय."

घुमीला हात सोडायचा धीर होईना. ज्या बाईंच्या एका सहीवर सगळा दवाखाना हलायचा, त्या तिच्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या आणि अंगठ्यानं आपल्याच बोटाचं टोक चाचपत होत्या. देवळातही आपण इतके गप्प नसतो, असं तिला वाटून गेलं.

मग बाईंनी चष्मा घातला.

"उद्या पाळ्या ठरवणाऱ्यांची बैठक बोलावते. एकेकाला असंच दाखवा. नोकरीचे कागद त्यानंतर करू, चालेल?"

घुमीनं मान डोलावली. तेवढ्यात बाईंच्या शेजारून एक हात पुढे आला. साहेबांनी शर्टाची बाही वर सारली होती आणि डोळे आधीच मिटून घेतले होते.