कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या जुन्या भाडेकरूइतका दिलेल्या शब्दाला घाबरणारा माणूस चऱ्होलीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही. बीडकडून एक वळकटी घेऊन आले, आमच्या मागच्या खोलीत राहिले, चाकणच्या कंपनीत गाड्यांचा रंग तपासायला लागले आणि आमच्या मालकांचे असे मित्र झाले, की स्वतःचा फ्लॅट घेतला तरी सकाळचा चहा इथंच. मी त्यांना भाऊजी म्हणते. नोकरी संपली, पण तपासणी सुटली नाही. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावरून तळहात फिरवायचा, मग ती उजेडाकडे तिरपी धरून बघायची. माझ्या सुनेच्या नव्या फ्रिजवरून हात फिरवून म्हणाले, "इथं लाट आलीय रंगाला." ती लाट अजून कुणाला दिसलेली नाही, पण सून तिथं फडकं जरा जास्तच फिरवते. एका लग्नात चिकटपट्टीनं रंग निघतो म्हणून नवरदेवाच्या गाडीला फुलंच लावू दिली नाहीत. गाडी बोडकी निघाली आणि माळा वरमाईच्या मांडीवर. माझी पुरणपोळीसुद्धा तिरपी धरून बघतात. मी म्हटलं, "खायची हाय ती, शोरूमात लावायची न्हाई."

पिंपळे सौदागरला काचेमागं मोठमोठ्या पिंपांत बिअर करून तिथंच पाजायची जागा निघाली, तेव्हा या दोघांना जणू नवी कंपनीच लागली. नवी बिअर आली की दोघं निघाले. मालक एका घोटात "झक्कास" म्हणून मोकळे. भाऊजी ग्लास उजेडाला धरून फेस बसेपर्यंत बघायचे आणि काहीतरी खोट काढायचे. मग परतीच्या रिक्षात भांडण. असं छान चाललं होतं आणि मालक गेले.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा कुणीतरी बोलून पुरी करायचा शब्द दिल्याशिवाय तो शिवत नाही, असं आमच्याकडं मानतात. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. भावकी म्हणाली, बांधाचं भांडण मिटवू. ते कावळ्याला खरं वाटलं नसावं. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी भाऊजी पुढं झाले आणि हात जोडून मोठ्यांदा म्हणाले, "भावा, तिथं जी नवी बिअर येईल ती तुझ्या नावानं चाखीन. एकबी सोडणार न्हाई!" कावळा सरळ खाली उतरला. भटजींनी तोंड नदीकडं फिरवलं.

तेव्हापासून भाऊजी अडकले. त्या बिअरवाल्यांना स्वस्थ बसवत नाही. आंब्याची झाली, जांभळाची झाली, कॉफीची झाली, एकदा तर मिरचीची काढली. भाऊजी प्रत्येक वेळी गेले. आधी बोट बुडवून मालकांच्या नावानं शिंतोडा उडवायचा, मग चाखायचं. एकदा शिंतोडा शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या लॅपटॉपवर पडला, तर तिलाच समजावत बसले, की गेलेल्या माणसाला राग मानायचा नसतो. दुसऱ्या दिवशी येऊन मला सगळं सांगायचे. मी भाजी निवडत ऐकायची.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना थेंबसुद्धा घ्यायचा नाही म्हणून बजावलं. लिव्हर बिघडलंय. आणि त्याच आठवड्यात तिथं नवी काळी बिअर आली. भाऊजी येऊन बसले, चहा तसाच गार झाला.

"काय करू वो वहिनी? चाखावं तर डॉक्टर म्हणतोय मरशील. न चाखावं तर त्याला तोंड कसं दाखवू?"

"मेलात तर लगेच दाखवावं लागंल," मी म्हटलं.

हसले नाहीत. तेव्हा कळलं, हा माणूस खरंच पिऊन मरेल.

"दुसऱ्या कुणाला पाठवा की."

"परक्याला कसं पाठवू?"

"मी काय परकी हाय? शब्द तुमचा, जीभ माझी. चला."

नऊवारीतली बाई बघून तिथल्या वेटरनं आम्हाला आधी लिंबू सरबत विचारलं. मग लाकडी फळीवर चिमुकले ग्लास आले, हळदीकुंकवाच्या पंचपाळ्यासारखे. भाऊजींनी काळ्या बिअरचा ग्लास उजेडाला धरला, हुंगला, शिंतोडा उडवला आणि जपून माझ्यापुढं सरकवला. जन्मात पहिल्यांदा मी बिअर तोंडाला लावली.

"कशी हाय?"

"कडू."

"नुसतं कडू म्हणून भागत न्हाई वहिनी. मागून काय येतं?"

मी आणखी एक घोट घेतला. "तव्यावर करपलेल्या भाकरीसारखं."

भाऊजींनी ग्लास पुन्हा उजेडाकडं तिरपा धरला. "हे त्याला लई आवडलं असतं."

"व्हय. करपलेली तेवढी मागून घ्यायचे."

वेटर ग्लास उचलायला आला.

"राहू दे," मी म्हटलं, "अजून हाय त्यात."