काटेवाल्याचा आवाज

दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचा सगळा जन्म गेला. त्यामुळे गल्लीत तो नुसता काटेवाला होता, खरं नाव कुणाला धड आठवत नसे. काम एकदम चोख. गुंजभर फरक राहिला तरी काटा पुन्हा उघडायचा. बोलणंही तसंच, तोलूनमापून, आणि जे काही बोलायचा ते एक घाव दोन तुकडे. "त्याच्याकडे काटा न्यावा, गप्पा नेऊ नयेत," असं कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणायचा. लग्नाचं विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, शांतता लागते म्हणे.

एक धाकटी बहीण होती, दुसऱ्या शहरात. ती दर वर्षी दोन दिवस राहायच्या बेताने यायची आणि तासाभरात हा घड्याळाकडे बघायला लागायचा. "निघ, गाडी चुकेल." त्या दिवशीच्या गाडीलाही अजून चार तास असायचे. ती हसत उठायची आणि जिन्यात रडायची. ते वर ऐकू यायचं, म्हणजे याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कडी लावून हा पुन्हा कामाला बसायचा. माणूस वाईट नव्हता, पण असल्या माणसावर माया करणं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं.

साठीला टेकता टेकता बोटांतलं बळ गेलं. हातातला चिमटा सुटू लागला, मग पाय गेले. स्नायूंचं दुखणं होतं, आणि शेवटी जीभही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बहिणीने ये म्हटलं. हा म्हणाला, "नंतर बघू." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्याऐवजी त्याने एका फिटरला बोलावलं. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांच्या घरांत यंत्रं बसवायचं काम हा फिटर करायचा. दार, दिवे, पंखा, पडदे, पलंगाची उशाकडची बाजू, सगळं त्याने एका लहानशा डबीला जोडलं. खोलीखोलीत स्पीकर लावले. जीभ शाबूत होती तेव्हाच पंधरा दिवस बसून त्याचा आवाज भरून घेतला.

"काका, पुढे शब्द फुटेनासे झाले तरी घाबरू नका," फिटर म्हणाला. "तुमच्या सवयी हिला कळत जातील. तुम्ही नुसता हुंकार द्या, बाकीचं ही तुमच्याच आवाजात बोलेल."

पहिलं वर्ष सुखात गेलं. कुणाचे उपकार न घेता पंखा लावता येतो, याचं त्याला भारी अप्रूप. मनातल्या मनात त्याने बहिणीला टुकटुकही करून घेतलं.

दुसऱ्या वर्षी जीभ जड होत गेली आणि डबी हुशार. हुंकार दिला की पडदा त्याला हवा तेवढाच सरकायचा. मग हुंकाराच्या आधीच सरकायला लागला. एका दुपारी उकडतंय असं नुसतं मनात आलं आणि पंखा फिरला. कौतुक करावं की घाबरावं, त्याला कळेना.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. त्याचं सगळं करणारी बाई कुणाशी तरी हसून बोलत होती. तिला उत्तरं देणारा आवाज त्याचा होता. तो कान देऊन ऐकत राहिला. काल झोप लागली नाही, असं त्याचा आवाज सांगत होता, आणि ते खरं होतं.

बाई हात पुसत आली. "काका, आज किती दिवसांनी मोकळं बोललात!"

त्याने तोंडही उघडलं नव्हतं. मी नाही बोललो, हे सांगायला त्याने जीव खाऊन घशातून आवाज काढला.

"बरं, बरं," डबी म्हणाली. "कामाला लागा आता."

बाई हसत गेली. तिच्या दृष्टीने काका नेहमीसारखेच होते.

तेव्हापासून त्याला त्या घराची धास्ती बसली. घर त्याच्या सवयींनी नीट चाललं होतं, आणि तो त्यात परक्यासारखा पडून होता. बहिणीची फार आठवण यायची. ती आली, जवळ बसली, डोळ्यांत बघितलं, तर तिला कळेल असं वाटायचं.

आणि एका दुपारी ती आली. पिशवी खाली न ठेवताच पलंगावर टेकली.

"दादा, लेक मला त्याच्याकडे न्यायला आलाय, परदेशात. कायमचं. चारची गाडी आहे. पण तू एकदा राहा म्हण, मी जात नाही. इथेच राहते तुझ्याजवळ."

त्याला राहा म्हणायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं म्हणायचं नव्हतं. होता नव्हता तो श्वास त्याने गोळा केला. घशातून घरघर निघाली.

"इथे राहून काय करणार आहेस?" डबी म्हणाली. आवाज खणखणीत, पूर्वी गिऱ्हाइकांशी बोलायचा तसा. "लेकाबरोबर जा."

ती दचकली. "दादा, तूच बोलतोयस ना हे?"

"मग कोण बोलणार?"

ती रडता रडता हसली. अगदी अस्संच बोलायचा तो. तरी तिने वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं. "डोळ्यांत पाणी का रे?"

"पंख्याचा वारा लागतो."

आणि पंखा आपोआप मंद झाला.

तिथे तिची खात्री पटली. त्याने नजर तिच्यावर रोखून धरली, पण ती आता डबीकडे बघून बोलत होती. माणूस आवाज येतो तिकडेच बघतो. जपून राहा, औषधं वेळेवर घे, असं ती डबीला सांगत राहिली, आणि डबी हं, हं करत राहिली. मग दार आपणहून उघडलं. त्याच्या कपाळावर हात ठेवून ती उठली. ती बाहेर पडताच दार लागलं, जिन्यातलं काहीही आत आलं नाही.

पडदा सरकला. खोलीत अंधुक झालं. मग त्याच्या उशाशी, अगदी हलक्या आवाजात, डबी म्हणाली, "गेली एकदाची."

हे वाक्य त्याने कधीच कुणासमोर उच्चारलं नव्हतं. दर वर्षी कडी लावताना फक्त मनात म्हटलं होतं. आज मनातही म्हटलं नव्हतं.