दुपारी तीनचा चार्ज

गेटबाहेर मॅनेजरसाहेबांची गाडी हॉर्न देत होती. आत दोन चौकीदार उभे होते. पण गेट कोणीच उघडत नव्हतं. मे महिना, दुपारचे तीन वाजून दोन मिनिटं.

लकडगंजच्या एका कारखान्यात मी तेव्हा टाइमकीपर होतो. कोण कधी आला, कधी गेला, हे लिहिणं माझं काम. चौकीदारांची पाळी तीनला बदलायची, पण नव्या माणसाला अर्धा तास आधी यावंच लागे. चार्ज घ्यायला. म्हणजे एकेचाळीस चाब्या मोजायच्या, गोदामांची सीलं बघायची, सह्या करायच्या. दुपारच्या पाळीचे आमचे जमादार रामटेके यांनी या वेळेचा ओव्हरटाइम मागितला. साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'ही ड्युटी नव्हे, ड्युटीची तयारी आहे.'

रामटेकेंनी ते दोनदा वाचलं. "बरं हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते बरोबर तीनला आले.

"रामटेके, गेट उघडा!" साहेब गाडीतून उतरून ओरडले.

"चार्ज घेऊन राहिलो साहेब. चार्ज झाल्याबिगर कुलुपाले हात लावू नये, अशी तुमच्या सहीची पाटी हाय."

"मग शेंडे, तू उघड!"

सकाळच्या पाळीचा शेंडे डबा घेऊन उभा होता. "माही ड्युटी तीनले संपली साहेब. मी आता बाहेरचा मानूस. पन बाहेर जाता येऊन नाही राहिलं, गेट बंद हाय."

छोट्या दाराची चाबीही रामटेके मोजत होते त्याच जुडग्यात होती. मी आत गेटजवळच्या सावलीत रजिस्टर घेऊन बसलो होतो; साहेबांनी गजांतून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय बघताय? वेळ तरी लिहा!"

मी लिहिली. हसू आवरत नव्हतं आणि रामटेकेंच्या नोकरीची धास्तीही वाटत होती. घरी खाणारी सहा तोंडं होती त्यांच्या.

"अजून किती?" साहेबांनी विचारलं.

रामटेके सव्विसाव्या चाबीवर थांबले. "मोजनं चुकलं साहेब." आणि पुन्हा एकपासून सुरू झाले.

गेट उघडलं तेव्हा साहेबांचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला होता. त्यांनी माझं रजिस्टर ओढलं.

"तयारीला चौतीस मिनिटं?"

"तुम्ही मध्ये बोलला नसता, तर पंचवीस," मी म्हणालो.

आता रामटेके सस्पेंड होणार, असं मी धरून चाललो होतो. साहेब मात्र पंख्याखाली जाऊन बसले. आठवड्याभरात चार्जच्या अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम मंजूर झाला. सोबत हेड ऑफिसचा एक फॉर्म आला. ओव्हरटाइम हवा तर पाळी संपल्यावर, रोज, तीन प्रतींत भरायचा.

रामटेके तो घेऊन माझ्याकडे आले.

"बाबूजी, हा फारम भराले धा मिनिटं लागतात. हे धा मिनिटं कुठी लिहू?"

मी हेड ऑफिसला पत्र टाकलं. मी रिटायर होईपर्यंत उत्तर आलं नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो: दुसऱ्याची दहा मिनिटं किती लांब असतात, ते सावलीत बसून कळत नाही.